आईचा तीळ कुठल्या हाताला

९ जानेवारी

ताई,

फोन न करता पत्र लिहितोय. फोन आहे सलूनमध्ये, आणि सलूनमधल्या बाकावर दिवसभर असतात बाबा. त्यांचे कान अजून इतके तिखट आहेत की मी रिसीव्हरला हात लावला की लगेच विचारतात, "तुझी बहीण का?" म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मधे, आरशाखालच्या फळीवर वही टेकवून लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

काम एवढंच, की आईचा फोटो पाठव. बाबांना हवाय. गेली बावीस वर्षं तुझ्याकडे आहे, आता थोडे दिवस इकडे राहू दे. विशेष काही कारण नाही. वय झालं की माणसाला जुनं आठवतं. आणि तिकडे कुठे मोठा करून मिळत असेल तर मोठाच करून पाठव, चांगला हातभर.

बाकी ठीक. परवा एकाने मिशी काढायला सांगितली. काढल्यावर आरशात बघून म्हणाला, "परत लाव." असे दिवस चाललेत.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

धाकट्या,

अक्षराला नावं ठेवतेच. कैचीने लिहितोस का?

आता माझ्याकडची कथा ऐक. बैठकीच्या खोलीत भिंतीच्या पोटातून जाणारा पाइप फुटला. आधी नुसती ओल होती. मग रंगाचे पापुद्रे सुटले, आणि एका सकाळी भिंतीतून पाणीच यायला लागलं. प्लंबर आला, त्याने कमरेपासून डोक्यापर्यंत भिंत फोडली, पाइपला बूच मारलं, आत डोकावून "अरे बापरे" म्हणाला आणि "उद्या येतो" म्हणून गेला. त्याला आज अकरा दिवस झाले. गवंडी म्हणतो, प्लंबरचं झाल्याशिवाय मी थापी धरणार नाही. प्लंबर म्हणे, भिंत सुकल्याशिवाय मी पाइप जोडणार नाही. दोघंही बरोबर बोलतात आणि मी शेजारणीच्या नळावरून बादल्या भरते. बैठकीतलं सगळं सामान आतल्या खोलीत कोंबलंय. आईचं जुनं कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामधल्या फटीत मी राहते.

आणि या फटीत बसून मी माणसांची तोंडं काढायला लागले आहे. हसू नकोस. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने दिलेला ड्रॉइंग बोर्ड चार वर्षं पलंगाखाली धूळ खात पडला होता, तो सामान हलवताना निघाला. एकतीस वर्षं मी पंपांची ड्रॉइंगं काढली. वरून, बाजूने, मधून कापून. माणूस एकदाही काढला नाही. आता काढते, पद्धत तीच ठेवून: चौकटी आखायच्या, मापं घ्यायची. पहिला सापडला गवंडी. भिंत सुकली का बघायला आला आणि चहाला बसला, तेवढ्यात काढला. चित्र बघून म्हणाला, "बाई, याच्यात पाणी कुठून शिरतं?"

फोटो पाठवते. घर असं उघडं पडलंय, जरा सवड दे.

सहज एक विचारायचं होतं. आईच्या गालावर तीळ होता, वरच्या ओठाजवळ. फोटोत तो नाही. तुला आठवतो का, कुठल्या बाजूला होता?

धुळीने माखलेली,
ताई


२० जानेवारी

ताई,

पंपवाल्या बाईने गवंडी काढला हे बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती अश्वशक्तीचा?"

फोटोतला तीळ कुठे गेला हे तुला माहीत नाही? फोटोवाल्याला तो डाग वाटला. त्याने ब्रश फिरवून खोडून टाकला आणि वर म्हणतो, "साफ करून दिलंय." बाबा भांडायला गेले होते. पण फोटो घरी आला तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती, दुसरा काढायचा राहून गेला तो गेलाच. तेव्हापासून बाबा त्या फोटोला "तिची बहीण" म्हणतात. "दिसते तशीच, पण ती नव्हे." आणि तरीही मागताहेत, कारण दुसरा आहे कुठे?

तीळ समोरून बघताना आपल्या उजव्या हाताला. यात मला शंका नाही. मी तिच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसायचो आणि उजव्या हाताच्या बोटाने तो तीळ दाबायचो. ती "ट्रिंग" म्हणायची. पुन्हा दाबायचो, पुन्हा ट्रिंग. काम पडलं असलं तरी दहा-बारा वेळा तरी म्हणायची.

फोटोचं मात्र मनावर घे. बाबा रोज टपालवाल्याची वाट बघतात.

धाकटा


२६ जानेवारी

धाकट्या,

तीळ आपल्या डाव्या हाताला होता. उगाच काहीतरी ठोकून देऊ नकोस.

रोज सकाळी शाळेच्या आधी ती माझ्या दोन वेण्या घालायची. पंधरा मिनिटं मान हलवायची नाही, असा हुकूम असायचा. मग मी करणार काय? तिचं तोंड बघत बसायची. दातांत रिबीन धरलेली, कपाळाला आठी, आणि तीळ डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूला. त्याच्यावर ऊन आलं की तो तपकिरी दिसायचा. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू सहाचा. तुला तेव्हा डावी चप्पल कुठली आणि उजवी कुठली हे कळत नव्हतं, दोन्ही पाय एकीतच घालायचास.

प्लंबरची मात्र मी शेंडी हातात धरली आहे. नाक्यावर चहा पिताना सापडला. समोर बसले आणि तिथल्या तिथे त्याचं तोंड काढलं. केस, नाक, मिशी, हनुवटी, सगळं. डोळे आणि कान सोडले. म्हटलं, "पाइप जोडलास की डोळे, नळाला पाणी आलं की कान." पुढच्या सकाळी माणूस दारात हजर. हत्यारं आणायला विसरला, पण आला. चित्र पाहिलं, आपल्या रिकाम्या डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि "असं बरं नाही दिसत, बाई" म्हणाला. म्हटलं, माझी भिंतही बरी नाही दिसत.

गवंड्याचं दुसरं चित्र सोबत पाठवते. तू रोज वीस तोंडं हाताळतोस, काय चुकलंय ते सांग.

फोटोची चौकट मोडकी निघाली म्हणून फ्रेमवाल्याकडे दिलाय. त्याने दिला की धाडते.

ताई


१ फेब्रुवारी

ताई,

फ्रेम नको. नुसता फोटो पाकिटात घाल आणि आजच्या आज टाक.

मी तुझ्यापासून लपवलं, आता खरं सांगतो. बाबांचे डोळे जाताहेत. डॉक्टर म्हणाले, यात मधलं आधी जातं, कडेचं राहतं. समोर माणूस उभा असला तर बाबांना त्याचे खांदे दिसतात, कान दिसतात, तोंडाच्या जागी नुसता धूर. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्यात थोडं उरलंय, डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. चित्र मोठं असलं आणि मान तिरकी करून पाहिलं तर अजून समजतं. म्हणून हातभर म्हटलं होतं.

तुला कळवायची बंदी त्यांचीच. "ती हातातलं टाकून धावत येईल आणि मला पेपर वाचून दाखवत बसेल," म्हणाले. परवा त्यांनी गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हटलं. तो खुंटीला अडकवलेला कोट होता. आम्ही दोघंही खूप हसलो. मग मी मागे जाऊन कोरडे टॉवेल पिळत बसलो.

त्यांना आईचं तोंड एकदा नीट बघून ठेवायचंय. दुसरं काही मागत नाहीत.

धाकटा


४ फेब्रुवारी

धाकट्या,

बस आणि मग वाच.

फोटो राहिला नाही. फ्रेमवाला वगैरे सगळं खोटं. फोटो त्याच भिंतीवर होता. पाणी मागून चौकटीत शिरलं. काच उचलली तर आईचं तोंड काचेला चिकटून आलं, आणि मी सोडवायला गेले तर बोटांत लगदा आला. केस उरलेत आणि एक खांदा.

ओल दिसली त्याच दिवशी मी तो खिळ्यावरून काढायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, उद्या बघू. प्लंबरला मी येता-जाता नावं ठेवते, पण या घरातलं पहिलं "उद्या" माझंच होतं. त्या दिवशी मी ओल्या भिंतीला टेकून खूप रडले, आणि तुला सांगायची मला लाज वाटली. बाबांना सांगायची तर अजूनही वाटते.

ही तोंडं मी वेळ जात नाही म्हणून काढत नाही. गवंडी, प्लंबर, शेजारीण, सगळे सरावाचे. मला आई काढायची आहे. म्हणून तिळाचं विचारलं होतं.

पत्र वाचल्याबरोबर पिशवी भरायला घेतली होती. परत ठेवली. रिकाम्या हातांनी येऊन बाबांना काय दाखवू, माझं तोंड? मला तीन आठवडे दे. हातभर कागदावर काढते, तिळासकट. फोटोवाल्याने जे खोडलं तेही परत आणते. बाबांचे डोळे दोन महिने म्हणतात ना, मग मी एक दिवसही वाया घालवणार नाही. तुला आठवेल ते सगळं लिहून पाठव, किरकोळ वाटलं तरी.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचलं आणि अर्धा तास सलूनचं दार लावून घेतलं. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. मग आठवलं की मीही महिनाभर तुला "विशेष काही कारण नाही" लिहीत होतो. तेव्हा फिटंफाट.

बाबांना फोटोचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ताई आईचं चित्र काढतेय. ते म्हणाले, "ती पंप काढते." एक गिऱ्हाईक होऊन गेलं. मग म्हणाले, "तीळ काढायला सांग."

आता कामाचं. गवंड्याचे कान तू फार वर लावलेस. कान डोळ्याच्या रेषेत सुरू होतो आणि नाकाच्या टोकाशी संपतो, माझी कैची रोज तिथूनच फिरते. आईच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, माझ्यासारखी. कपाळावर केसांचं टोक मधोमध खाली उतरलेलं, तुझ्यासारखं. भांग मधोमध. भुवया दाट, पण नाकाकडे विरळ. हनुवटी कशी होती विचारलं तर बाबा म्हणाले, "हट्टी. तुझ्या बहिणीची बघ." म्हणजे ती तुला आरशात मिळेल. फक्त गळ्यापर्यंतच काढ, कपडे-दागिने नकोत, नाहीतर रंगावरून बाबा आणखी वाद काढतील.

आणि तीळ उजव्या हाताला. ट्रिंग.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

पुठ्ठ्यांच्या मधे घालून, चारही बाजूंनी शिवून आई पाठवली आहे. पार्सल उघडताना कैची जपून लाव.

बारा वेळा काढली. आतल्या खोलीत उजेड नाही, म्हणून बोर्ड फुटक्या भिंतीच्या खोलीत नेला आणि सिमेंटच्या गोणीवर बसून काढली. पहिल्या तिघी पंप झाल्या. चौथी मी झाले, पाचवीही मीच, जरा जास्त चिडलेली. तोंडच जमेना. ओठ काढले की ते कुणा दुसरीचे व्हायचे. मग एकदा कंटाळून दातांत रिबीन धरलेली काढली आणि लगेच ती दिसली. गालाचे स्नायू, आठी, सगळं आपापल्या जागी आलं. बारावीला तसेच ओठ काढले आणि रिबीन तेवढी खोडरबराने काढून घेतली. बाकीच्या अकरा कपाटामागे उभ्या आहेत, सगळ्या तिच्या बहिणी.

पाइप जोडून झाला. प्लंबरला कबूल केल्याप्रमाणे डोळे दिले. तो आईच्या चित्राजवळ यायच्या आधी हात धुऊन आला, तेही माझ्याच बादलीतल्या पाण्याने. बराच वेळ बघून म्हणाला, "या बाई घाईत आहेत, पण रागावलेल्या नाहीत." इतकं बरोबर कुणी सांगितलं नसतं. आता गवंड्याची पाळी. नळाला पाणी अजून नाही, तेव्हा कानही नाहीत.

तीळ डाव्या हाताला काढला आहे. तुझं ऐकलं, विचार केला आणि बाजूला ठेवलं. एकतीस वर्षं माझ्या मापांवर पंप बनले, एकही परत आला नाही. शिवाय मी थोरली आहे. बाबांनी काय म्हटलं ते शब्दन् शब्द कळव.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

चित्र सुखरूप मिळालं. सुंदर काढलंस. बाबांना फार आवडलं. सलूनमध्ये गर्दी आहे, बाकी सवडीने लिहितो.

धाकटा


३ मार्च

धाकट्या,

"फार आवडलं" हे शब्द बाबांचे नाहीत. आयुष्यात त्यांची मजल "बरं आहे" च्या पुढे गेलेली नाही. माझ्या नोकरीची बातमीही "बरं आहे" होती आणि तुझं सलून उघडलं तेही.

मी शब्दन् शब्द मागितला होता, तू दोन ओळींत गुंडाळलंस. पाच दिवस मी ते पत्र उलटसुलट करून बघतेय. काहीतरी बिनसलंय. बाबांना दिसलं नाही का? की दिसलं आणि पटलं नाही? जे असेल ते लिही. वाईट असेल तर मी तेरावी काढेन, चौदावी काढेन. पण मला गोड बोलून फसवू नकोस. तेवढा वेळ आपल्याकडे नाही.

ताई


८ मार्च

ताई,

ऐक मग.

पार्सल उघडलं त्या दिवशी बाबा चित्र घेऊन दाराच्या उजेडात गेले. मान या बाजूला, त्या बाजूला करून कडेच्या नजरेने बघत राहिले. मी बाजूला उभा. कपाळ पाहिलं, कान पाहिले, ओठांपाशी थांबले आणि हसलेही. मग बोट तिळावर ठेवलं आणि थोड्या वेळाने उचललं. म्हणाले, "छान काढलंय तिने. डोळे तिचेच. पण ही तिची दुसरी बहीण." आणि बाकावर जाऊन बसले. तुला सांगू नकोस म्हणाले. मला तुझा इतका राग आला की काय सांगू. तीन पत्रांत तीनदा उजवा हात लिहिला असता तरी तू ऐकलं नसतंस. आणि वाईटही वाटलं, कारण बाकी सगळं चित्र म्हणजे आईच होती. ते तुला लिहायला माझा हात धजला नाही.

चित्र घरात ठेवायला धड जागा नाही, म्हणून सलूनमध्ये बाकाच्या वर, मागच्या भिंतीला टांगलं. गिऱ्हाइकं विचारायची, कोण? बाबा म्हणायचे, "मेहुणी."

परवा सलून बंद होतं. सुट्टीच्या दिवशी मी बाबांची दाढी करतो. खुर्चीत बसवलं, फेस लावला, एक गाल झाला. दुसऱ्या गालाला वस्तरा लावणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं कापलं. म्हणाले, "बाजूला हो. मधे उभा राहू नकोस, ती दिसेना."

मी वळून आरशात पाहिलं. बाबांच्या खांद्यामागे भिंतीवरची आई आरशात दिसत होती आणि तीळ आपल्या उजव्या हाताला होता. माझं बोट आपोआप वर झालं. ट्रिंग म्हणायला ती तेवढी नव्हती.

बाबा मान तिरकी करून बघत होते. म्हणाले, "ही आली." बस, एवढंच. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, असे वीस मिनिटं बसले होते. फेस वाळून गेला. मी बाकावर जाऊन बसलो. शेवटी म्हणाले, "दाढी पुरी कर, ती बघतेय."

मग मी तुझी सगळी पत्रं काढली. तू लिहिलंयस की वेणी घालताना तू तिचं तोंड बघत बसायचीस. ताई, वेणी घालणारी बाई पाठीमागे असते. तुला तिचं तोंड दिसायचं कुठून? समोर काय होतं आठव. आरशाचं कपाट होतं. तेच, ज्याच्या फटीत तू हल्ली राहतेस. तू आईला अकरा वर्षं आरशात पाहिलंस. माझा धंदाच हा, दिवसभर गिऱ्हाइकांना आरशात बघतो. वेणीचं ते पत्र वाचतानाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी भांडत बसलो.

चित्र आता तिथेच राहील. बाबा रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी खुर्चीत जाऊन बसतात. काल विचारलं, कसं आहे? म्हणाले, "बरं आहे."

धाकटा


१३ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग कपाटामागून अकरावी काढली आणि त्याच आरशापुढे धरली. बाबांची बायको आणि तुझी आई तिथे होती. चांगली होती, मायाळू होती, पण मला परकी वाटली. कागद फिरवून माझ्याकडे केला, तेव्हा कुठे ओळख पटली. इतकी वर्षं बाबा फोटोला "तिची बहीण" म्हणायचे त्याचं मला हसू यायचं. आता त्यांना काय वाटत असेल ते समजलं.

तिळाच्या बाबतीत मी थोरलेपणाचा तोरा मिरवला, कान पकडते. पण चित्र बदलणार नाही. तसंच टांगलेलं राहू दे. आणि फोटोचं काय झालं ते बाबांना मी स्वतः सांगणार आहे, तू मधे पडू नकोस.

गवंड्याने भिंत बुजवली, गिलावा केला, नळाला पाणी आलं. प्लंबरला त्याचे कान दिले, तुझ्या मापाने, डोळ्याच्या रेषेत. चित्र छातीशी धरून घेऊन गेला. भिंत अजून ओली आहे, रंग लागायला महिना जाईल. गवंडी म्हणाला, "रंगाला मी उद्या..." मी हात जोडले. म्हटलं, सावकाश या, मी घरात नाही.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. बोर्ड सोबत आणतेय. बाबांना समोर बसवून काढणार आहे, आरशात नाही आणि आठवणीतूनही नाही. ते हलतील, बडबडतील, किती अश्वशक्तीचा काढतेस म्हणून विचारतील. हलू देत. ते मला कडेने का होईना बघतात, तोवर मी त्यांना पुरतं बघून घेणार आहे. त्यांनी विचारलं तर सांग, पेपर वाचून दाखवायला येत नाहीये.

एक काम तुझ्याकडे आहे. बाबांचं सकाळचं बसणं झालं की मला त्या खुर्चीत बसव. केसांना कैची लावू नकोस. आरशासमोर बसव आणि तू बाजूला हो. आई माझ्या मागे असेल, रोज सकाळी असायची तशी, फक्त तीळ या वेळी तुमच्या बाजूला असेल. तुम्ही दोघांनी पाहिलेली ती मला एकदा नीट बघायची आहे. पंधरा मिनिटं दे. मी मान हलवणार नाही.

तुझी,
ताई